सिम्पसनचे वाळवंट ओलांडण्यापूर्वी

रॉबर्ट ओहारा बर्क यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून निघाली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडणे हा तिचा उद्देश होता. तिच्याकरिता दोन डझन उंट कराचीहून बोटीने आणवण्यात आले होते. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. मोहिमेबरोबर सुमारे वीस टन सामान होते. त्यात दोन वर्षांची शिधासामग्री होती, रॉकेटे होती, निशाणे होती, इतकेच काय, ओक लाकडाचे एक जड टेबल आणि खुर्च्याही होत्या. एक गाडी बागेबाहेर पडण्यापूर्वीच मोडली. टपालाची घोडागाडी मेनिंडीपर्यंतचे अंतर साधारण आठवडाभरात तोडीत असे. या लवाजम्याला तेथे पोहोचायला सुमारे दोन महिने लागले. वाटेत बरेचसे सामान टाकून द्यावे लागले. १८६१ च्या मध्यास बर्क आणि त्यांचे दुय्यम अधिकारी विल्यम विल्स कूपर क्रीकच्या काठी उपासमारीने मरण पावले. त्याच काठावर यांद्रुवांधा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि मोहिमेतला जॉन किंग त्यांच्याच आश्रयाने वाचला.

ऑस्ट्रेलियाच्या ज्या निर्जन अंतर्भागाला 'आउटबॅक' म्हणतात, तेथे स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन जाणाऱ्या प्रवाशापुढे आजही मूळ प्रश्न तोच असतो: काय न्यायचे आणि त्याचे ओझे कशाने पेलायचे. दुकानांतून आणि जाहिरातींतून मात्र तयारी या शब्दाचा अर्थ 'गाडीला आणखी काहीतरी बसवणे' असा होऊन बसला आहे. पुढे लोखंडी बुल बार, त्यावर विंच, टपावर रॅक, रॅकवर तंबू, मागे खणांचे कपाट. अशी नटवलेली गाडी अंगणात रुबाबदार दिसते. पण वाळूत रुतणारी, शॉक अ‍ॅब्सॉर्बर फुटलेली, चॅसिसला बाक आलेली गाडी बहुधा अशीच असते. सिम्पसनच्या वाळवंटासारख्या प्रदेशाची तयारी वजनकाट्यावरून सुरू करावी लागते.

पार करण्याजोगे, पण दयामाया नसलेले

सिम्पसनचे वाळवंट दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जेथे मिळतात त्या भागात पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे समांतर धावणाऱ्या अकराशेहून अधिक वालुकाटेकड्या हे त्याचे वैशिष्ट्य. यांपैकी काही टेकड्यांची लांबी दोनशे किलोमीटरपर्यंत भरते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला या टेकड्या एकामागून एक आडव्या ओलांडाव्या लागतात. शेवटची मोठी टेकडी 'बिग रेड' सुमारे चाळीस मीटर उंच असून ती बर्ड्सव्हिल या शंभर-सव्वाशे वस्तीच्या गावापासून ३५ किलोमीटरवर आहे.

वांगकांगुरू लोक येथे 'मिकिरी' नावाच्या खोल, अरुंद विहिरींच्या आधाराने राहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी वाळवंट सोडले. १९२९ मध्ये सेसिल मॅडिगन यांनी विमानातून या प्रदेशाची पाहणी करून त्याला आजचे नाव दिले. १९३६ मध्ये टेड कोल्सन यांनी एका आदिवासी सहकाऱ्यासह उंटांवरून तो पार केला. मोटारगाडी पहिल्यांदा पार गेली ती १९६२ मध्ये. भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग हे पत्नी आणि मुलांसह निसान पेट्रोल गाडीतून गेले. (हेच स्प्रिग एडियाकारा टेकड्यांतील अतिप्राचीन जीवाश्मांचे शोधक.) त्यानंतर लवकरच तेलाचा शोध घेणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने सरळ रेषेत वाट पाडली. तेल मिळाले नाही, पण 'फ्रेंच लाइन' मात्र राहिली आणि आजचे बहुतेक प्रवासी तिच्यावरूनच जातात. क्वीन्सलंडकडील आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाकडील दोन्ही संरक्षित क्षेत्रांना आता 'मुंगा-थिरी' हे वांगकांगुरू नाव जोडलेले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये आपल्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला.

पश्चिमेकडचे माउंट डेअर सोडले की बर्ड्सव्हिलपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर इंधन, दुकान, दुरुस्ती यांपैकी काहीही मिळत नाही. या प्रवासाला साधारण पाच-सहा दिवस लागतात. या काळात जे लागेल ते गाडीत असले पाहिजे, आणि जे लागणार नाही त्याचे ओझे प्रत्येक टेकडीवर चढवावे लागते.

गाडी कोणती, हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. स्वतंत्र चॅसिसवर बांधलेली, जमिनीपासून पुरेशी उंच आणि गिअरमध्ये लो रेंज असलेली गाडी हवी. शहरात 'एसयूव्ही' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लो रेंज नसते. चारही चाकांना शक्ती मिळत असली तरी मऊ वाळूच्या चढावर त्यांचा गिअरबॉक्स तापतो आणि त्या थांबतात. लँडक्रूझर, प्राडो, पेट्रोल, हायलक्स अशा गाड्यांची तेथे चलती आहे, त्यामागे त्यांच्या मजबुतीइतकेच सुट्या भागांचे कारण आहे. दूरवरच्या एखाद्या रोडहाउसच्या गॅरेजमध्ये याच गाड्यांचे फिल्टर आणि पट्टे सापडण्याचा संभव अधिक. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्रची स्कॉर्पिओ-एन २०२३ पासून ऑस्ट्रेलियात विकली जाते. ती किंवा तिच्यासारखी तेथे कमी संख्येने असलेली गाडी नेणाऱ्याने आपले फिल्टर, पट्टे, होज यांचा संच बरोबर बाळगणे शहाणपणाचे. गाडीचे वय मात्र फारसे आड येत नाही. नीट राखलेली वीस वर्षांची गाडी निष्काळजीपणे वापरलेल्या नव्या गाडीहून भरवशाची असते.

वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडीला कायद्याने ठरवलेली कमाल एकूण वजनाची मर्यादा असते. रिकाम्या गाडीचे वजन त्यातून वजा केले की उरते ती भारक्षमता. प्रवासी, इंधन, पाणी आणि नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू तिच्यात बसली पाहिजे. एक उदाहरण घेऊ. टाकी भरलेल्या गाडीचे वजन २,३०० किलो आणि मर्यादा २,९९० किलो असेल, तर भारक्षमता ६९० किलो होते. हा आकडा मोठा वाटतो. आता दोन माणसांचे १५० किलो, पोलादी बुल बार आणि विंच मिळून ९५, दुसरी स्टेपनी तिच्या चौकटीसह ५५, टपावरचा रॅक ३०, दुसरी बॅटरी व वायरिंग ३०, मागचे खणांचे कपाट ६०, फ्रिज आणि खाद्यपदार्थ ६०, शंभर लिटर पाणी डब्यांसह १०५, साठ लिटर जादा डिझेल ५०, हत्यारे, सुटे भाग व गाडी ओढून काढण्याचे साहित्य ७०, तंबू, अंथरुणे आणि कपडे ६०. बेरीज ७६५ किलो झाली. कॅमेरा, खुर्च्या, सरपण यांची गणती अजून व्हायचीच आहे आणि गाडी मर्यादेपलीकडे ७५ किलो गेली आहे.

मर्यादा ओलांडलेल्या गाडीला अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते, हा झाला कायद्याचा भाग. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशी गाडी हळू थांबते, वळणावर कलते आणि वाळूत खोल रुतते. वजन कोठे ठेवले आहे यालाही तेवढेच महत्त्व. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे टांगलेल्या ओझ्याचा परिणाम तरफेसारखा होतो. दुहेरी केबिनच्या पिकअप गाड्यांच्या मागे जड ट्रेलर, दोन स्टेपन्या आणि ओसंडून भरलेला हौदा असला, आणि मागचा भाग खाली बसू नये म्हणून स्प्रिंगांच्या जोडीला हवेच्या पिशव्या फुगवलेल्या असल्या, की खड्ड्यात आपटताना चॅसिस अक्षरशः वाकते. दोष पिशव्यांचा नसतो. ओझे त्या लपवतात, कमी करीत नाहीत.

टपावरची मर्यादा तर बहुतेकांना ठाऊकच नसते. अनेक गाड्यांत ती शंभर किलोच्या आसपास, काहींत त्याहूनही कमी असते. तीही डांबरी रस्त्यासाठी. खाचखळग्यांच्या वाटेवर ती दोन-तृतीयांशावर आणावी, असे रॅक बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. रॅकचे स्वतःचे वजनही त्यातच धरायचे. टपावर भरलेले जेरीकॅन आणि स्टेपनी घेऊन वाळूच्या टेकडीवर जरा तिरपी गेलेली गाडी कलंडायला फार वेळ लागत नाही. टपावर हलके सामान, जड ते खाली आणि दोन्ही अ‍ॅक्सलांच्या मध्ये, हा नियम बैलगाडी भरणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागणार नाही.

म्हणूनच काही खरेदी करण्यापूर्वी गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावी, पुढचा व मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलावा आणि मग काय काढायचे ते ठरवावे. जड स्प्रिंग बसवून आणि प्रमाणपत्र घेऊन मर्यादा अधिकृतपणे वाढवता येते, पण बेअरिंग, ब्रेक आणि इंजिन तेच राहते. दोन-तीन गाड्यांचा काफिला असल्यास विंच, कॉम्प्रेसर, जड हत्यारे प्रत्येकाने नेण्याची गरज नसते. वाटून घेतलेले सामान हा वजन घटवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हवा

सिम्पसनमध्ये गाडी अडली की वाहनचालक प्रथम इंजिनाला बोल लावतो. खरा दोष बहुतेक वेळा टायरमधल्या हवेचा असतो. डांबरी रस्त्यावरची ३८-४० पौंडांची हवा वाळूत नेली, तर टायर कडक राहून नांगरासारखा खोदत जातो. तीच हवा १६ ते १८ पौंडांवर आणली की टायर खाली पसरतो. त्याचा वाळूवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढतो आणि गाडीचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते. पौंडभर अधिक हवा ठेवून वेगाच्या जोरावर टेकडी चढण्याचा प्रयत्न करणारे चालक चढणीवर खोल खड्डे पाडून ठेवतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाची चढाई अवघड करतात. तरीही गाडी चढेना तर आणखी दोन पौंड हवा सोडावी. अगदीच रुतल्यास १२ पर्यंतही जाता येते, पण मग वेग अगदी कमी हवा आणि झटकन वळण घेता कामा नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो.

खडीच्या रस्त्यावर २६ ते ३० पौंड ठीक. येथे दोन्ही बाजूंनी धोका आहे. हवा जास्त असेल तर टोकदार दगड टायर फाडतो. हवा कमी आणि वेग जास्त असेल तर टायरची बगल सारखी दुमडत राहून तापते आणि फुटते. अनुभवी चालकांचा एक साधा ताळा आहे. सकाळी थंड टायरची हवा मोजायची आणि तासभर चालवून पुन्हा मोजायची. चार ते सहा पौंडांनी वाढली तर ठीक. त्याहून अधिक वाढली तर हवा कमी भरली आहे, वेग जास्त आहे किंवा ओझे अधिक आहे. यासाठी एक खात्रीचा हवामापक आणि चार टायर न थकता भरू शकेल असा कॉम्प्रेसर लागतो. सिगारेट लायटरमध्ये खोचायचा खेळण्यातला पंप येथे उपयोगाचा नाही.

टायर हलक्या ट्रकसाठीच्या मजबूत बांधणीचे असावेत आणि शक्यतो १६ किंवा १७ इंची रिमवर. नव्या आलिशान गाड्यांना दिसायला देखणी अशी २० इंची चाके येतात. त्यांच्या टायरची बगल इतकी आखूड असते की हवा कमी करूनही तो पसरत नाही. चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर वाळूला आवश्यक नाहीत. दोन स्टेपन्या, पंक्चर काढण्याच्या दोऱ्यांचा संच आणि व्हॉल्व्हची सुटी टोके एवढे बरोबर असले की पुरे. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी विसरू नये. वाळूत जॅकच जमिनीत जातो आणि गाडी जागची हलत नाही.

पन्हळी पत्र्यासारखे रस्ते

गंमत अशी की, बऱ्याच गाड्या वाळवंटात पोहोचण्यापूर्वीच मोडतात. तेथवर नेणारे शेकडो किलोमीटरचे कच्चे रस्ते वाहतुकीने पन्हळी पत्र्यासारखे झालेले असतात. त्यांवरून गाडी तासन्‌तास थरथरत राहते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधले तेल तापून पातळ होते, सील फुटते. बॅटरीची बैठक तडकते, रॅकचे नट ढिले होतात, फ्रिजची वायर घासून उघडी पडते, डब्यातली बरणी बरणीला घासून छिद्र पडते. ठरावीक वेगात गाडी या लाटांच्या माथ्यावरून तरंगत गेल्यासारखी वाटते खरी, पण त्याच वेळी टायरची जमिनीवरची पकड सुटत आलेली असते. भाड्याच्या गाड्या उलटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. हवा कमी करणे, वेग ताब्यात ठेवणे आणि मधूनमधून थांबून शॉक अ‍ॅब्सॉर्बर थंड होऊ देणे, यापलीकडे जादू नाही. रोज संध्याकाळी मुक्कामावर पाना घेऊन गाडीखाली जाणारा माणूस सहसा अडकत नाही.

प्रवासापूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये चाकांची बेअरिंगे, प्रोपेलर शाफ्टचे जोड, सस्पेन्शनचे रबरी बुश, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, ब्रेक आणि सर्व तेले यांची तपासणी आली. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. नवे काही बसवले असल्यास त्यातले दोष पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दिसून येतात. ते शहराजवळ दिसलेले बरे. सुट्या भागांत डिझेलचे दोन फिल्टर आवर्जून असावेत, कारण दूरच्या पंपावरच्या इंधनात पाणी वा कचरा निघू शकतो. जुने, पण चालू असलेले बेल्ट आणि होज बदलले की फेकून न देता सीटखाली ठेवावेत. तार, चिकटपट्टी, होजच्या पट्ट्या, इपॉक्सीची कांडी आणि फ्यूज यांनी आजवर अनेक गाड्या घरी पोहोचवल्या आहेत.

इंधन आणि पाणी

महामार्गावर लिटरला आठ-नऊ किलोमीटर देणारी डिझेल गाडी भरलेल्या अवस्थेत, लो रेंजमध्ये, वाळूत लिटरला चारावर येते. पाचशे किलोमीटरला १२५ लिटर झाले. चुकलेली वाट, पुन्हा पुन्हा केलेली चढाई आणि फेरे यांसाठी किमान पाव हिस्सा राखीव धरला की १६० लिटरच्या जवळपास आकडा जातो. कंपनीच्या टाकीत बहुधा ८० ते १०० लिटरच मावते. उरलेल्यासाठी गाडीखाली बसणारी मोठी टाकी हा उत्तम मार्ग, कारण वजन खाली राहते. पेट्रोलची गाडी याहून बरेच अधिक इंधन पिते आणि पेट्रोलचे कॅन केबिनमध्ये ठेवणे म्हणजे स्फोटकाशेजारी झोपणे.

पावसाळ्यानंतर हा हिशेब बदलतो. पोपेल कॉर्नर, म्हणजे तिन्ही प्रांतांच्या सीमांचा सांधा, ओलांडून बर्ड्सव्हिलकडे जाताना आयर क्रीक आडवी येते. उत्तरेकडून पुराचे पाणी आले की सरळ वाट बंद होते आणि लांबचा फेरा घ्यावा लागतो. २०२५ च्या मार्च महिन्यात पश्चिम क्वीन्सलंडमध्ये विक्रमी पाऊस झाला. तिथला पूर असा की, पाऊस थांबल्यावर आठवड्यांनी, निरभ्र आकाशाखाली, पाणी वाळवंटाच्या कडेला येऊन ठेपते. निघण्याच्या दिवशी सरकारी रस्ता-अहवाल पाहणे म्हणूनच आवश्यक. बंद केलेल्या ओल्या रस्त्यावर गाडी घातल्यास जबर दंड होतो आणि त्या रस्त्यावर पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढे महिनोन्‌महिने इतरांना भोवतात.

पाण्याचा हिशेब सोपा आणि कठोर आहे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर हा किमान आकडा धरला आणि सहा दिवसांच्या प्रवासाला चार दिवसांची जोड दिली, तर दोघांना शंभर लिटर लागते. उन्हात काम करावे लागले तर पाच लिटर पुरत नाही. हे सर्व पाणी एकाच टाकीत ठेवणे घातक. पन्हळी रस्त्यावर टाकीचा नळ तुटला तर पाणी कधी संपले हेही कळत नाही. दोन-तीन स्वतंत्र डबे असावेत.

गवताची आग

ज्या संकटाची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा येत नाही, ते म्हणजे स्पिनिफेक्स. राळेने भरलेले हे टोकदार गवत टेकड्यांच्या मध्ये दाट वाढते. वाटेच्या मधल्या उंचवट्यावरचे गवत गाडीच्या पोटाला घासत जाते, त्याच्या काड्या आणि बिया एक्झॉस्टच्या नळीवर, इंजिनाखालच्या पत्र्यांत साठतात आणि तापून पेट घेतात. नव्या डिझेल गाड्यांतील काजळी गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करताना अतिशय तापतो, त्यामुळे धोका वाढला आहे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी, गवत माजलेले असताना, दर काही किलोमीटरला थांबून गाडीखालचा कचरा तारेच्या आकड्याने ओढून काढावा लागतो. अग्निशामक हाताशी, म्हणजे चालकाच्या जवळ हवा. मागच्या सामानाखाली पुरलेला अग्निशामक असून नसल्यासारखा. गवताच्या बिया रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिनही तापवतात. पुढे बारीक जाळीचे कापड बांधल्याने हा त्रास बराच टळतो.

स्नॉर्कल, म्हणजे टपाच्या उंचीवरून हवा घेणारी नळी, पाण्यासाठी असते असा समज आहे. येथे तिचा खरा उपयोग धुळीसाठी. पुढच्या गाडीने उडवलेल्या लोटाच्या वरून, जरा स्वच्छ हवा इंजिनाला मिळते. तरी एअर फिल्टर रोज झटकावाच लागतो.

रुतलेली गाडी

रुतलेल्या गाडीपुढे पहिले साहित्य फावडे. चाकांपुढची वाळू काढावी, हवा आणखी सोडावी, चाकाखाली प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्या सरकवाव्यात. दहापैकी नऊ वेळा एवढ्याने काम होते. विंच बांधायला सिम्पसनमध्ये जाडजूड झाडे फारशी नाहीत, हेही ती विकत घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

दुसरी गाडी असल्यास ताणला जाणारा पट्टा वापरतात. तो रबरासारखा लांबून साठवलेल्या शक्तीने अडकलेली गाडी हिसक्यासरशी बाहेर खेचतो. हीच शक्ती जीवघेणी ठरते. हा पट्टा ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्याला कधीही अडकवू नये. तो गोळा मोडला तर तोफगोळ्यासारखा उडतो, आणि अशा प्रकारे ऑस्ट्रेलियात माणसे मेली आहेत. चॅसिसला बोल्टने पक्के बसवलेले, भारक्षमता नमूद केलेले कडे पुढे आणि मागे असावे. पट्ट्यावर एखादे जड पांघरूण टाकावे आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीहून बरेच दूर उभे करावे. हजारो डॉलरची रोषणाई बसवलेल्या कित्येक गाड्यांना हे कडे मात्र नसते.

ट्रेलर घेऊन सिम्पसन पार करणारे लोक आहेत. तो न नेण्याचाच सल्ला तेथले अनुभवी लोक देतात. प्रत्येक टेकडीवर तो गाडीला मागे खेचतो, आणि मोडलेली गाडी किंवा ट्रेलर वाळवंटातून बाहेर काढण्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो.

आवाज पोहोचवण्याची सोय

टेकडीच्या माथ्यावर समोरून येणारी गाडी दिसत नाही. म्हणून पुढे उंच काठीवर भडक रंगाचे निशाण लावणे तेथे सक्तीचे आहे. निशाणाचे टोक जमिनीपासून साडेतीन मीटर उंच हवे. सोबत यूएचएफ रेडिओवर दहावे चॅनेल लावून मधूनमधून आपली जागा सांगत राहायचे. हा रेडिओ जवळच्या गाड्यांपुरता. दूरच्या संपर्कासाठी पूर्वीपासून एचएफ रेडिओ वापरला जातो. 'व्हीकेएस-७३७' हे प्रवाशांचे जाळे त्यावरच चालते.

या भूभागात रेडिओला एक इतिहास आहे. जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून मे १९२८ मध्ये क्लॉनकरी येथून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण रुग्णाने डॉक्टरला बोलवायचे कसे, हा प्रश्न होता. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ बनवला आणि १९२९ पासून तो एकाकी गोठ्यांवर बसवला जाऊ लागला. आज सॅटेलाइट फोन आहे, काही मोबाइल फोनांतूनही उपग्रहामार्फत मदत मागता येते. तरीही बटण दाबताच ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकेत सोडणारा छोटा संकटसूचक बरोबर असावा. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्‌झच्या यंत्रांचा संकेत उपग्रहांनी टिपणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले. एखाद्याच्या माळ्यावरचे तसले यंत्र उसने आणून विसंबू नये. नवे यंत्र सरकारदरबारी नोंदवलेले असले की शोधपथकाला गाडीची माहिती आधीच मिळते.

फ्रिज, दिवे आणि ही उपकरणे यांसाठी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी दुसरी बॅटरी ठेवतात. फ्रिजने रात्री सुरुवातीचीच बॅटरी संपवली, ही तेथली नित्याची तक्रार. नव्या गाड्यांचे आल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी करतात, त्यामुळे दुसरी बॅटरी पूर्ण भरण्यास मध्ये खास चार्जर लागतो. जोडणीत बॅटरीजवळच फ्यूज नसेल तर घासलेली एक वायर सबंध गाडी जाळू शकते.

गाडी सोडायची नाही

१९६३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले एक पाच जणांचे कुटुंब बर्ड्सव्हिलच्या वाटेवर भरकटले. गाडीतले पेट्रोल संपले. गाडीवर चिठ्ठी ठेवून ते पाण्याच्या शोधात चालत निघाले आणि पाचही जण तहानेने मरण पावले. शोध घेणाऱ्याला विमानातून गाडी सहज दिसते, माणूस दिसत नाही. गाडीची सावली मिळते, डब्यांतले पाणी तेथेच असते. म्हणून तेथल्या पोलिसांचा आग्रह एकच असतो: कोणत्याही स्थितीत गाडीजवळ थांबा. निघण्यापूर्वी एका विश्वासू माणसाला मार्ग, मुक्काम आणि पोहोचण्याची तारीख लिहून द्यावी आणि त्या तारखेनंतर किती तासांनी पोलिसांना कळवायचे हेही ठरवावे.

ऋतूचे गणित आपल्याकडच्या उलट आहे. मेलबर्न-सिडनीला मुलांकडे नाताळच्या सुटीत जाणाऱ्यांच्या मनात वाळवंटाची सफर येते. पण तो तिथला भर उन्हाळा, पारा ४५ अंशांपलीकडे जाणारा. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ही उद्याने प्रवाशांना बंद असतात. मे ते सप्टेंबर हे योग्य महिने. आषाढ-श्रावणात तेथे दिवसा सुखद ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी असते. त्या वेळी उबदार अंथरुणाचे वजन मात्र निमूटपणे वाहावे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील उद्यानांसाठी आगाऊ परवाना लागतो, क्वीन्सलंडच्या बाजूला मुक्कामासाठी निराळी परवानगी घ्यावी लागते. सूर्यास्तानंतर गाडी हाकू नये. कांगारू आणि मोकाट गुरे संधिप्रकाशात रस्त्यावर येतात, आणि बुल बारचे वजन पत्करायचे ते याचसाठी.

वाळूच्या टेकड्यांचे पूर्वेकडचे उतार अधिक उभे असतात. पश्चिमेकडून निघणाऱ्याला सौम्य बाजूने चढून उभ्या बाजूने उतरता येते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने माउंट डेअरहून सुरुवात करावी. वाटेत डलहौसीचे गरम पाण्याचे झरे लागतात. तेथे अंग शेकून घ्यावे, टायरची हवा सोळावर आणावी, रॅकचे नट पुन्हा एकदा आवळावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वाळू थंड आणि घट्ट असताना, निघावे.